आईचा होकार

प्रिय निमेश,

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, मीटिंग आहे ताई म्हणून ठेवून देतोस, तेव्हा आज चक्क कागद-पेन घेऊन बसलेय. इथे मढला सगळं मजेत आहे. दारात बोंबील वाळतायत आणि आई शेजारच्या शेवंतीकाकीशी कडाकडा भांडतेय. त्यात आनंद मानण्यासारखं काय, असं तुला वाटेल. सांगते.

आमच्या मालाडच्या हॉस्पिटलात नवीन नर्स मुली येतात, त्यांना वाटतं गोळी दिली, सही केली, काम संपलं. मी म्हणते, खरं काम तिथून पुढे. सध्या माझ्याकडे चंद्रप्रकाश नावाचे एक आजोबा आहेत, मांडीचं ऑपरेशन झालेले. दुखण्याचं इंजेक्शन दिलं की मी त्यांचं मनगट धरून उभी राहते. त्यांना वाटतं, सिस्टर नाडी बघतायत. नाडी बघतेच, पण डोळे त्यांच्या छातीवर असतात. त्या इंजेक्शनने श्वास मंदावू शकतो, आणि श्वास मोजतेय म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. शिवाय मी त्यांना क्रिकेटवरून मुद्दाम डिवचते. ते चिडले की मी निश्चिंत. औषधाआधी माणूस कसा होता हे ठाऊक असेल, तरच तो बदललेला कळतो रे.

प्रेशरची नवी गोळी सुरू झाली आणि आपली आई शांत झाली. वयाने निवळली, असं तूच म्हणालास, आणि ओरडा बंद झाला म्हणून मीही खूश होते. जेवण कमी झालं होतं, बसल्या जागी डोळा लागायचा, पण मी म्हटलं दमते बिचारी. मग माझ्या सुट्टीच्या दिवशी मी तिच्यासोबत मासळीबाजारात तिच्या जागेवर विकायला बसले. शर्मिष्ठाबाई आल्या. त्या शाळेतल्या, आठवतात ना? हलवा माशाच्या भावावरून त्यांची आणि आईची वर्षानुवर्षं घासाघीस चालते, दोघींना त्याशिवाय चैन पडत नाही. बाईंनी नेहमीसारखा निम्मा भाव सांगितला आणि आईने मुकाट्याने मासा कापून पिशवीत टाकला. बाईच घाबरल्या, पिशवी धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

तशीच आईला उठवून हॉस्पिटलात नेली. रक्तातलं सोडियम फार खाली गेलं होतं. म्हाताऱ्या माणसांत काहींना त्या गोळीने होतं तसं. अजून उतरलं असतं तर झटके आले असते. ती बरी आहे एवढंच तुला फोनवर सांगता आलं. डॉक्टरांनी गोळी बदलली. मी रोज सकाळी तिच्या खाटेपाशी जाऊन हलव्याचा भाव विचारायचे. आधी नुसती बघायची, मग म्हणायची, "ने, काय द्यायचं ते दे." आणि एका सकाळी मी भाव पाडून मागितला तर खेकसली, "फुकट पायजे का गो तुला?" अख्खा वॉर्ड हसला. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

आता, हे सगळं का लिहिलं ते. गेल्या महिन्यात तू म्हणालास, आई, बाजारातली जागा सोड, मरोळला आमच्याकडे कायमची चल, आणि ती हो म्हणाली. तू खोली रंगवलीस, मानसीने पडदे शिवले, येत्या रविवारचा टेम्पोही सांगितलास. तुझ्या मायेत काही कमी नाही, निमेश. पण तो होकार त्याच दिवसांतला आहे, ज्या दिवसांत तिने हलवा निम्म्या भावात दिला. काल मी तिला पुन्हा विचारलं. मासळी साफ करता करता, वर न बघता म्हणाली, "मी माजी जागा सोरनार नाय." मग थोड्या वेळाने, तुला आवडतात तशा जाड तुकड्या रविवारसाठी बाजूला काढायला लावल्या. तेव्हा टेम्पो रद्द कर, आणि तुम्ही दोघं जेवायला या. येशील तेव्हा भरपूर शिव्या खाशील. मन लावून ऐक, त्या आईच्याच आहेत.

तुझीच,
कल्पिताताई