ओल्या पायरीवरची अक्षरं

कनेरगाव नाका,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय हरीश,

जय भीम. तुझा रामराम मी इथूनच घेतला, तो उलट टपालानं पाठवायची तकलीफ करू नको. तू, प्रतीक्षावहिनी, लेकरू बरे असाल. सध्या हरभऱ्याचे दिवस, म्हणजे तुझ्या खताच्या दुकानात माश्याच असतील. तेव्हा हे पत्र तू शेवटपर्यंत वाचशील असं धरून चाललो.

फोन काहून केला नाही, म्हणशील. फोनवर तू "बरं, बरं, बघू" म्हणतोस आणि मधीच कोणाला तरी फवारणीचं औषध समजावत बसतोस. मी इकडं कान लावून उभा. आणि दुसरं म्हणजे, हे पत्र तुझ्या वडिलांना, संतरामकाकांना वाचून दाखवायचं आहे. पण आधी तू एकट्यानं वाच.

माझं ठीक. दिवाळीपासून इथं पुंजाजीच्या ढाब्यावर आहे. त्याच्या आधी हार्वेस्टरवर होतो, त्याच्या आधी मंडपवाल्या रामसिंगकडं, आणि त्याच्या आधीचं मलाच बराबर आठवत नाही. माय म्हणते तुझ्या पायाला भिंगरी. आता भिंगरीचा आस झिजला असं समज. काम जड नाही. पण नवीन जागी गेलं की पहिल्या दिवशी नाव विचारतात, मग गाव विचारतात, मग थोडं थांबून आडनाव विचारतात. त्या थांबण्याचाच थकवा आला आहे. पुंजाजी चांगला माणूस आहे, त्यानं विचारलं नाही. त्याच्या ढाब्यावर एक तीन पायाचं कुत्रं आहे, ते फक्त वाशिमकडून येणाऱ्या गाड्यांवर भुंकतं, हिंगोलीकडून येणाऱ्यांवर नाही. काहून, कोणालाच माहीत नाही. असो.

बाबांच्या डोळ्यांचं तुला कळलंच असेल. नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेली ती नजर परत येत नाही म्हणतात, राहिली आहे ती थेंब टाकून धरून ठेवायची. ती बी सुटत चालली. नळीतून पाहिल्यासारखं दिसतं म्हणतात बाबा. समोर धरलं तर दिसतं, बाजूचं गेलं. मोटारीचं वाइंडिंग अजून करतात, पण हातानं चाचपून.

आता पिक्चरवर येतो.

आठवतो ना तुला, बाबा सांगायचे तो? "ओली पायरी". आपण दोघं त्यांच्या टेबलाखाली बसायचो, वर ते तांब्याची तार गुंडाळत गोष्ट सांगायचे, आणि भ्यायची जागा आली की तार गुंडाळणारा हात थांबायचा. तू तर त्याच्यानंतर आठ दिवस तुमच्या विहिरीवर गेला नव्हतास. काका तुला ओरडले होते, "भुताचं लग्न झालं का तुह्यासंगं?"

तो पिक्चर मला सापडला, हरीश.

कोणीतरी फार जुन्या टीव्हीवरून उतरवून इंटरनेटवर टाकला आहे. चित्रावर पावसासारख्या रेघा, आवाज कुठं कुठं गायब. पाहणारे मोजकेच. खाली कोणीतरी लिहिलं आहे, "गाणी नाहीत, भूत नाही, पैसे वाया." मला त्या माणसाला शोधून पुंजाजीचा फुकट चहा पाजावा वाटला आणि समजावून सांगावं वाटलं, की बाबा रे, भूत नाही हेच तर भूत आहे.

खरंच, असा पिक्चर मी पाहिला नाही. त्यात सगळं भरदुपारी होतं. काळोख नाही, वटवाघूळ नाही, दार करकरत नाही. एक मास्तर बदलीनं खेड्यात येतो, संगं त्याची बायको. त्यांना राहायला बारवेच्या काठचं घर मिळतं. बारव कोरडीठाक. पण रोज दुपारी सगळं गाव झोपलं की पायऱ्यांवर ओले पाय उमटतात. खालून वर येणारे. खाली जाणारे कधीच नाहीत. म्हणजे जे काही आहे ते रोज वर येतं आणि जातं कुठं? पिक्चर सांगत नाही. नुसतं ऊन दाखवतो, पांढरं, डोळे दिपवणारं. आणि रहाटाचा आवाज. दोर बांधलेला नाही, तरी रहाट फिरतो. मी ढाब्यावर भरल्या गर्दीत पाहत होतो, बाजूला ट्रकवाले भाकरी मोडून राहिले होते, तरी माझ्या पाठीवर घाम थंड झाला.

आणि ती मुख्य जागा. मास्तराची बायको पायऱ्या उतरते. कोणी दिसत नाही. फक्त तिच्या समोर, तापलेल्या दगडावर, ओल्या बोटानं लिहिल्यासारखी अक्षरं उमटत जातात. शेवटचं अक्षर उमटेस्तोवर पहिलं वाळून चाललेलं असतं. वाचणाऱ्यानं पटकन वाचायचं, नाहीतर गेलं. ज्यानं कोणी हे सुचवलं त्याच्या पाया पडावं.

बाबा हीच जागा कशी सांगायचे? "ती भुताची लिपी. माणसाला वाचता येत न्हाई." आणि हात थांबायचा.

आता जे घडलं ते तुला माहीत आहे, तरी लिहितो. काकांना वाचून दाखवशील तेव्हा हे नीट कानावर गेलं पाहिजे. रूपाबाईच्या चहाच्या हॉटेलात आपण सगळेच होतो. कशावरून तरी जुन्या यात्रांचा विषय निघाला, यात्रेत कापड बांधून दाखवायचे त्या पिक्चरचा निघाला. बाबांनी ती लिपीची गोष्ट सांगितली. काका हसले.

"कशाची भुताची लिपी, जळबा? सरळ मराठी होतं. म्या वाचलं."

"उलटी अक्षरं होती, संतराम."

"अक्षरं सरळ होती, तुहं शिक्षण उलटं! बारवेचं दार बी उजवीकडं सांगतो. दार डाव्या हाताला होतं. आरं, पिक्चर पाहिलाच न्हाई तू. ऐकीव सांगून राहिला इतके वर्सं. खरं बोल, वाचताच येत नव्हतं ना तुला तवा?"

हॉटेल हसलं. काका मजेनंच बोलले, हे मला माहीत आहे. "चौथीत माझी पाटी जळबा लिहून द्यायचा," असं हेच काका चार लोकांत सांगायचे. तरी त्या दिवशी बाबांनी कप बशीत ठेवला, उठले आणि चालू लागले. काका मागून म्हणाले, "आरं, एवढ्यात फुगला?" बाबांनी वळून पाहिलं नाही. त्या दिवसापासून तुमच्या शेतातली मोटार जळाली तर सेनगावला जाते. दोघं रस्त्यानं समोरासमोर आले तर एकाला आभाळात काहीतरी दिसतं, दुसऱ्याला मातीत.

मला बाबांचा राग यायचा. एवढ्या तेवढ्यावरून काय? सांगून टाकायचं, चुकलो म्हणून.

आता सापडण्याची गोष्ट. हा पिक्चर मला मागं एकदा सापडला होता. पाच मिनिटं पाहिला आणि बंद केला. काहून, तर त्यात बारवेचं दार डावीकडं होतं. बाबांच्या गोष्टीत उजवीकडं. मला वाटलं हा तो नव्हेच, नाव सारखं असेल. म्हणजे बघ, काकांनी भर हॉटेलात डावीकडं म्हणून सांगितलं होतं, तरी मी बापाच्या शब्दावर खरा पिक्चर फेकून दिला.

मग इथं, जेवणाची गर्दी ओसरल्यावर दाढी करत होतो. ढाब्याच्या नळावर ड्रायव्हर लोकांना भांग पाडायला एक आरसा लावलेला आहे. चार्जरची वायर पाण्याच्या ड्रमापर्यंतच पुरते, म्हणून फोन मागं ड्रमावर उभा केला होता आणि काहीतरी ऐकू यावं म्हणून तोच पिक्चर परत लावला होता. आरशात पाहतो तर दार उजवीकडं. बाई उजवीकडून उतरून राहिली. मी हात थांबवला. मग दगडावर अक्षरं उमटली. आरशात. उलटी. वाचता वाचता वाळून गेली, मला एक शब्द लागला नाही.

भुताची लिपी, हरीश. बराबर बाबांनी सांगितली तशी.

गालावर फेस तसाच ठेवून मी मायला फोन लावला. विचारलं, माय, बाबा यात्रेतल्या पिक्चरला कुठं बसायचे?

"कुठं म्हंजी? मागं. कापडाच्या मागं. आपले समदे मागंच बसायचे. आमच्या माहेरी बी तसंच होतं."

"कोण सांगायचं मागं बसा म्हणून?"

"सांगायला कशाला लागतं? पाय आपापले तिकडं वळायचे."

"बाबा मला कधी बोलले नाहीत."

मायनं हातातलं भांडं खाली ठेवलं. त्याचा आवाज फोनवर आला. मग म्हणाली, "तुला काहून सांगतील? लेकराला भुताची गोष्ट सांगावी. ती सांगितली त्यांनी."

फेस वाळून गाल ओढला जात होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच फिरून राहिलं. ते दोघं त्या यात्रेला संगं गेले होते. हे काकाच सांगतात, एका कंदिलाच्या उजेडात गेलो, एकाच कागदातले शेंगदाणे खाल्ले. येताना बी संगं आले, भ्याले म्हणून एकमेकांचा हात धरून आले. मधी पिक्चर चालला तेवढा वेळ कोण कुठं होतं, हे एकाच्या ध्यानात राहिलं आणि एकाच्या नाही. हॉटेलात बाबांना एक वाक्य बोलायचं होतं फक्त, की मी कापडाच्या मागं होतो, उलट्या बाजूनं पाहिलं. लगेच खरे ठरले असते. पण ते वाक्य बोलण्यापेक्षा त्यांना अडाणी ठरणं परवडलं. माझ्यासमोर, तुझ्यासमोर, आणि ज्याचा हात धरून आले त्याच्यासमोर.

काकांवर माझा राग नाही. हे खरं लिहून राहिलो. त्यांनी लपवलं असतं तर राग आला असता. ते विसरले. समोर बसलेल्या माणसाला मागं कोण आहे ते दिसत नाही, एवढंच.

मागच्या महिन्यात घरी गेलो. बाबा स्टुलावर बसून मोटार उघडून बसले होते. मी म्हणालो, बाबा, तो पिक्चर सापडला, दाखवतो. त्यांनी मान वर केली नाही.

"मला काय दाखवतो? म्या पाहिला. ज्याला वाटतं म्या पाहिला न्हाई, त्याला दाखव."

"डोळे आहेत तोवर पाहा की एकदा."

"माहे डोळे ऱ्हाऊ दे. त्याचे चांगले हायेत ना?"

एवढंच. परत तार गुंडाळायला लागले. मी तिथं टेबलाशी उभा, खाली बसायचं वय नाही राहिलं.

म्हणून हे पत्र. माझं मागणं ऐक. रामसिंग त्याचं पिक्चर दाखवायचं मशीन द्यायला तयार आहे, दोन बांबू बी देतो. कापड मी पाहून ठेवलं, पातळ आहे, मुद्दाम. मागून बी दिसावं असं. जागा तुमचं खळं. येत्या रविवारी, दिवस मावळला की. भाऊ बुद्धभूषण सुट्टीवर येऊन राहिला, तो बाबांना घेऊन येईल. बाबा नाही म्हणतील, पण "संतरामकाका येऊन राहिले" असं कळलं तर येतील, मला माहीत आहे. नाही आले तर उचलून आणू. काकांना तू आणायचं.

काकांना माफी बिफी मागायला लावू नको. त्या वयात माणसाच्या तोंडून ती निघत नाही, आणि निघाली तर बाबांना ती कुठं ठेवावी ते कळायचं नाही. भाषण नको, हारतुरे नको, कोणी फोनवर फोटो काढायचा नाही. फक्त एक कर. काकांची खुर्ची कापडाच्या मागच्या बाजूला टाक. ते विचारतील, मला काहून मागं? तर म्हणावं, पिक्चरभर बसा, मग सांगतो. हे पत्र त्यांना त्याच्यानंतरच वाचून दाखव. एकट्याला कसंतरी वाटलं तर मी त्यांच्याजवळ बसतो. मला ती जागा आता ओळखीची झाली.

बाबा समोर बसतील. अगदी जवळ, मधोमध, नळीतून दिसेल एवढ्या अंतरावर.

दगडावर काय लिहिलेलं आहे ते मी बाबांना सांगितलं नाही. त्यांना अजून माहीत नाही, एवढ्या वर्षांत. तुला सांगतो. "मला वर घ्या." एवढे तीन शब्द. ती जागा आली की खळ्यात कोणी बोलू नका. काकांना मागून ते वाचता यायचं नाही, ते चष्मा पुसतील, पुढं वाकतील, तोवर वाळून जाईल. आणि समोरून माझा बाप ते वाचेल. मोठ्यानं वाचेल, चौथीत पहिला आलेला माणूस आहे तो. काकांना मागं ऐकू जाईल.

त्याच्यानंतर दोघांनी काय बोलायचं ते त्यांचं त्यांनी पाहावं. आपण रहाटाचा आवाज ऐकत बसू.

पुंजाजीला मी सांगून ठेवलं आहे की रविवारनंतरचं नक्की नाही. कापड उभं राहिलं तर घरी थांबायचा विचार आहे, बाबांच्या हाताखाली वाइंडिंग शिकेन, त्यांना डोळे लागतीलच. नाही राहिलं तर ट्रक काय, इथून रोज जातात. वाशिमकडं बी जातात.

काकांना साष्टांग नमस्कार सांग. खुर्ची मात्र मागंच टाक.

कापडाच्या मागून,
तुझा
प्रेमानंद जळबा साखरेकर