बरणीतली पहाट

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या हाताखाली वाढलेल्या धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? शिलाई मशीनचं पायडल अजून कुरकुरतं का, की कुणाकडून तेल घालून घेतलंस? इकडे मी सुखरूप आहे, आई सुखरूप आहे, थोरला झोपलेला आहे. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तू "जेवलास का?" विचारतेस आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवून देतेस. मला जे सांगायचं आहे ते जेवणापेक्षा लांबलचक आहे.

तू काळजी करशील म्हणून इतके दिवस कळवलं नाही. (काळजी करण्याचं काम आपल्या घरात माझ्याकडे आहे आणि ते मी मन लावून करतो.) तुझ्याकडून इथे आईकडे येऊन नव्या बेकरीत लागल्यापासून मला पहाटे जागच येईना. गजर लावतो, तो वाजतो, थोरला झोपेतच बंद करतो आणि उठल्यावर डोळ्यांची शपथ घेऊन सांगतो की गजर वाजलाच नाही. एकदा उशीर झाला, मग पुन्हा झाला. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे माझ्या गळ्यात असलेल्या बेकरीच्या किल्लीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "भट्टी वेळेवर पेटवतोस म्हणून ही तुझ्याकडे दिली. आता एकदा जरी चुकलास, तर काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालीन." मावशी, ही किल्ली गेली तर मी पुन्हा पोती वाहणारा. आणि तू तर शेजारणींना सांगून बसली आहेस की आमचा धाकटा भट्टीवर मुख्य आहे.

तुझ्याकडे असताना मी जन्मात कधी उशिरा उठलो नाही. त्या जोरावर थोरल्याला कुंभकर्ण म्हणायचो, आईच्या लाडाने बिघडला म्हणायचो. (आई सिनेमा थिएटरात झाडलोट करते, तो तिथेच तिकीटखिडकीवर बसतो. त्यांचा दिवसच मुळी दुपारी उजाडतो.) त्यामुळे मला वाटलं, आपल्याला काहीतरी मोठं दुखणं जडलं. आधी यकृत वाटलं, मग रक्त. भट्टीच्या पत्र्यात जीभ पाहिली, ती काळी दिसली, पण तो पत्राच काळा होता.

शेवटी थोरल्यानेच बातमी आणली. मोठ्या दवाखान्यातल्या एक डॉक्टरबाई जुळ्यांवर अभ्यास करत होत्या. माणसाच्या अंगात एक घड्याळ असतं म्हणे, कधी झोपायचं, कधी उठायचं, कधी भूक लागायची, हे तेच ठरवतं. त्यातलं किती जनुकीय (हा शब्द तिथल्या फलकावरून पाहून लिहिला आहे, बरोबर असणार) आणि किती घरच्या वळणाचं, हे त्यांना शोधायचं होतं. एकाच चेहऱ्याची पण दोन घरांत वाढलेली, आमच्यासारखी जुळी त्यांना हवीच होती. मी गेलो माझं दुखणं शोधायला. थोरला गेला, कारण तिथे झोपायचं असतं हे त्याने आधीच विचारून घेतलं होतं.

आम्हाला वेगवेगळ्या खोल्या दिल्या. खिडकी नाही, घड्याळ नाही, मोबाईल बाहेर जमा. दिवा आपण लावायचा, आपणच मालवायचा, भूक लागली की घंटी दाबायची, आणि किती वाजले हे कुणीही सांगायचं नाही. थोरल्यासाठी हे स्वर्गच. माझं काय झालं असेल, तू जाणतेस. वेळ कळली नाही तर मला घोटभर पाणीसुद्धा बेतानेच पिता येतं. म्हणून मी आधीच एक युक्ती केली होती. बेकरीतलं थोडं खमीर, म्हणजे पाव फुगवायचं आंबवलेलं पीठ, एका बरणीत घालून सदऱ्याखाली लपवून नेलं. बेकरीत ते संध्याकाळी बरणीच्या तळाशी असतं आणि पहाटे काठाला येतं, कधी चुकत नाही. बरणी मी पलंगाशेजारच्या, झोप मोजणाऱ्या यंत्रावर ठेवली आणि निश्चिंत झालो.

खमीर काठाला आलं तसा मी उठलो, केस विंचरले आणि घंटी दाबून परिचारिकेला म्हणालो, "पहाट झाली, ताई." त्यांना वेळ सांगायची बंदी. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या, पण त्यांच्या तोंडाला दुपारच्या चहाचा वास होता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. झालं असं, की ते यंत्र होतं गरम, आणि खमिराला उबेत घाई होते. (हे मी नव्या पोरांना रोज शिकवतो.) ढवळून खाली बसवलं की ते पुन्हा काठाला यायचं. त्या बरणीच्या हिशेबाने माझ्या पहाटेमागून पहाटा होऊ लागल्या, आणि प्रत्येक पहाटेला मी मुकाट उठून बसू लागलो. शेवटी एका पहाटे मी बसल्या बसल्या डुलकी काढली आणि खमीर काठ ओलांडून यंत्राच्या तारांवर उतरलं. डॉक्टरबाई धावत आल्या.

"हे काय आहे?"

"घड्याळ आहे, बाई."

त्या भिंतीला टेकून हसल्या. मग बरणी काढून नेली आणि अभ्यास मुळापासून पुन्हा सुरू केला. माझ्यापायी थोरल्यालाही पुन्हा झोपावं लागलं, तेव्हा त्याने भिंतीपलीकडून ओरडून माझे आभार मानले.

सगळं संपल्यावर बाईंनी कॉम्प्युटरवर आमच्या दोघांच्या रेघा दाखवल्या. मावशी, रेघा जुळ्या होत्या! बरणी नसताना मी थोरल्याइतकाच उशिरा झोपलो आणि त्याच्याइतकाच उशिरा उठलो. बाई म्हणाल्या, "तुला काहीही झालेलं नाही. तुम्ही दोघं जन्माने उशिरा उठणारेच. तुझं पहाटे उठणं तुला कुणीतरी लावलेलं आहे, आणि फार चिकाटीने लावलेलं आहे." थोरल्याने तेवढ्यात मला कुंभकर्ण म्हणून घेतलं.

घरी येऊन मी आईला विचारलं, आपल्यात हे आलं कुणाकडून? ती भांडी विसळत होती. म्हणाली, "माझ्याकडून, दुसरं कुठून? आणि मी तरी बरी रे. तुझी मावशी! तिला आमचे बाबा अंथरुणासकट उचलून अंगणात नेऊन ठेवायचे, तर ही तिथे कूस बदलायची."

"मावशी? ती तर पाखरांच्या आधी उठते."

"कोण?" आई म्हणाली, आणि इतकी हसली की वाटी हातातून निसटली.

मी नाही हसलो. तू म्हणायचीस, "मला मेलीला झोप कुठे येते!" म्हणून पहाटेच माझ्या उशाशी मशीन सुरू व्हायचं, खिडकी उघडायची, उजेड तोंडावर यायचा. आधी सकाळच्या शाळेसाठी, आणि आठवीत शाळा सुटली तेव्हा बेकरीसाठी. पण तुझी गिऱ्हाइकं येतात दुपारी. मग पहाटे तू शिवत काय होतीस? एकदा डोळे चोळताना मी पाहिलं होतं, सुईखाली कापडच नव्हतं. मला वाटलं, तू मशीनला तेल मुरवते आहेस.

डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे मी आता खिडकीचा पडदा काढून टाकला आहे आणि दिवा लवकर मालवतो. भट्टी वेळेवर पेटते आहे, किल्ली अजून गळ्यात आहे. पण ती तिथे तुझ्यामुळे आहे, हे मालकांना ठाऊक नाही, म्हणून तुला कळवतो.

तुझा,
धाकटा

ता. क. पडदा काढला तरी मन खात्री देत नाही. तू इकडे येऊन मला उठवावंस असं लिहिणार होतो, पण आईचं ऐकल्यावर तसं म्हणायला तोंड राहिलं नाही. शेजारणीच्या मोबाईलवर तेवढा तुझ्या मशीनचा आवाज भरून पाठव. गजराच्या जागी लावीन. तो बंद करायची थोरल्याची छाती होणार नाही.

आणखी ता. क. थोरल्याने वरचं वाचलं. तो म्हणतो, मशीनचा आवाज इकडे येणार असेल तर मी मावशीकडे राहायला जातो, आम्ही दोघं मिळून झोपू.

शेवटचं. आवाज पहाटे उठून भरू नकोस. दुपारी भर, झोप पुरी झाल्यावर. सुईखाली कापड नसलं तरी चालेल. मला ती पहाटच वाटेल.