भावाच्या फुलांची घरं

आई, भावासाठी ट्रस्ट करायला मी विरारला वकीलबाईंकडे गेले होते. त्याची साठी आली, तरी त्याला सही येत नाही. दहाची नोट आणि पाचशेची नोट त्याला सारखीच. आगाशीची वाडी आणि माझी शिल्लक त्याच्यासाठी ठेवायची, बहिणीच्या मुलाला, आपल्या भाच्याला, विश्वस्त नेमायचं, सगळं मी ठरवूनच गेले होते. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाच्याने दुर्लक्ष केलं, तर जाब कोण विचारणार? तुमचा भाऊ तर विचारू शकत नाही." विचार करून येते म्हणून मी उठले.

मला अजून दिसतं, तू ओट्यावर बसून फुलं निवडते आहेस. तगर, जास्वंद, सोनचाफा. प्रत्येक घराची पुडी केळीच्या पानात बांधून भावाच्या टोपलीत ठेवतेस. मी कॉलेजला निघालेली. "फुकट कशाला वाटतेस? महिन्याचे पैसे तरी घे." तू मान वर न करता म्हणतेस, "पैसे दिले की माणसं मोकळी होतात." तू गेल्यावर पुड्या मी बांधत राहिले, कारण फुलं पोचवल्याशिवाय तो चहाला तोंड लावत नाही.

परवा त्याला ताप चढला आणि फुलं गेली नाहीत. मी त्याच्या कपाळावर पट्टी ठेवते तोच फाटक वाजलं. मागच्या आळीतली म्हातारी ओरडत होती, "ताई, तुजा भाव कुठंय? देव खोळंबलेत माझे!" मागून तिची सून, "देवांचं ऱ्हाऊ द्या आई, त्याला पानी पाजलं का ते विचारा." मग समोरची ख्रिस्ती बाई आली, जिच्या घरच्या क्रुसाला तू मोगरा पाठवायचीस. तिने सरळ आत येऊन त्याच्या गळ्याला हात लावला आणि मलाच झापलं, "काल दुपारीच डोले लाल होते त्याचे. तुला दिसलं नाय?"

मला दिसलं नव्हतं. मी दारातच उभी राहिले. एवढी मोठी सोय तू माझ्यादेखत उभी केलीस, एकही कागद न करता, आणि ती तुझ्यामागे इतकी वर्षं चालली आहे.

काल ट्रस्टच्या मसुद्यात मी घालायला लावलं, की फुलं जाणाऱ्या या घरांतलं कुणीही भाच्याला जाब विचारू शकेल. बाई हसल्या, "शेजाऱ्यांना असा हक्क कोण देतं?" म्हटलं, "आईने दिलाय. तुम्ही लिहा."

हे पत्र कुणी वाचणार नाही, म्हणून सांगते. रोज देवापुढे हात जोडून मी एकच मागायचे, त्याला माझ्याआधी ने. आज हात जोडले आणि काय मागावं ते सुचेना.