कोंडाण्याच्या रस्त्यावर दादा

कर्जत, मार्गशीर्षातला रविवार, संध्याकाळ. १९३४

विसरायच्या आत लिहून ठेवते. आज दादाला सायकलवर मागे बसवून उल्हास नदीच्या काठाने कोंडाण्याच्या लेण्यांकडे नेलं. त्याची नजर गेल्यापासून पहिल्यांदाच. याच मुरमाच्या रस्त्यावर त्याने मला सायकल शिकवली होती. माझा परकर सारखा साखळीत अडकायचा. इथे तेव्हाही मोटार येत नसे, आजही नाही. चाकाखाली खडी तशीच करकरत होती. ती ऐकतच दादा म्हणाला, "उतार लागला. आता चिंच येईल बघ." आणि आलीच चिंच!

पुढे सपाटीवर म्हणाला, "थांब गं. मी चालवतो."

मी नको नको म्हणतेय, तेवढ्यात मोळी घेतलेली एक ठाकरीण थबकली. "बाय, त्यांना दिसत नाय का गं?"

दादाच बोलला, "नाही दिसत. रस्ता मोकळा आहे का, तेवढं सांगा."

"मोकळा हाय. कुत्रं बी नाय."

झालं, टांग मारून निघालासुद्धा! खडीची करकर लांब लांब जायला लागली. पदर खोचून मी मागे धावले. उजवीकडे नदी. तिकडे वळला तर? "डावीकडे, दादा!" मी किंचाळले. तो वळला आणि गवतात आडवा झाला. मी पोचले तर गुडघा फुटलेला आणि स्वारी हसतेय. असा हसला त्याला किती दिवस झाले! मला मात्र रडू आवरेना.

घरी आईने गुडघा पाहिला. "कुणी पाडलं रे तुला?"

"कुणी नाही. माझा मी पडलो," केवढ्या ऐटीत म्हणाला!