नावाडणीची पानं

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारची सुट्टी

प्रिय ताई,

मी बरा आहे, वेळेवर जेवतो, केस कापलेत. तू दर वेळी विचारतेस त्या तिन्हींची उत्तरं झाली. आता माझं एक ऐक. पुस्तकांचं पार्सल आलं असेल तर फोडू नकोस. फोडलंच असशील तर निदान तिसरा भाग बाजूला ठेव आणि आधी हे वाच.

तुझं पत्र आणि सह्यांचा कागद परवा मिळाला. बेचाळीस सह्या! त्यात मास्तरांचीही! मास्तरांनी कापडावर खडूच्या रेघा सोडून आणखी काही लिहिलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकांना कसं पटवलंस ते मला न सांगता कळलं. पँट आखूड करून हवी? आधी सही.

पत्रातलं टीव्ही मालिकेवाल्यांशी तुझं भांडण वाचून मला तुझा आवाजच ऐकू आला. ‘शेवट बिघडवलात तो बिघडवलात, सात वर्षं ताटकळलेल्या राणीला सात मिनिटांत मारलंत, तेही गिळलं. पण नावाडीण? अख्खी बाई गाळता? आणि तो म्हातारा लेखक आठ वर्षं सहावा भाग लिहीत नाही, वर टीव्हीवाल्यांना सगळं विकून मोकळा!’ पुढे लिहिलंयस की पाचही भाग मागवलेत, नावाडणीची पानं शोधून, झेरॉक्स काढून, सह्यांसकट मालिकावाल्यांच्या तोंडावर मारणार.

तेवढ्यासाठीच हे पत्र.

मी सध्या एका हॉटेलच्या लाँड्रीत आहे हे फोनवर सांगितलं होतं. इथे धुण्यापेक्षा घड्या घालायचं काम जास्त. मोठी चादर एकट्याला आवरत नाही, म्हणून दोघं समोरासमोर उभं राहायचं, टोकं धरायची, झटकायची, पुढे यायचं, टोकाला टोक द्यायचं, मागे जायचं. लांबून बघणाऱ्याला वाटेल आम्ही नाचतोय. माझ्या समोर जो असतो त्याला सगळे प्रोफेसर म्हणतात. चष्मा आहे एवढ्यावरून. पण त्याने आपली पुस्तकं चार चार वेळा वाचलीयत. मालिका संपली त्या आठवड्यात आम्ही इतके भांडलो की मुकादमीण म्हणाली, “राणी मेली ना? मग तिच्या चादरी तरी घडी करा.” बघ, मी परत कुठल्या कुठे गेलो.

तर तुझा कागद मी प्रोफेसरला दाखवला. त्याने वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

“कोण नावाडीण?”

“सही कर ना गपचूप.”

“अरे, पण अशी कोणी नाहीच आहे पुस्तकात.”

“माहितीये मला.”

ताई, नाहीच आहे. तिसऱ्या भागात नाही, पाचव्यात नाही, कुठेच नाही. ती मी घातली.

मास्तरांच्या दुकानामागची खोली आठव. तू काजं करायचीस, काठ दुमडायचीस, आणि मी चिंध्यांच्या गाठोड्यावर बसून वाचनालयातून आणलेलं पुस्तक मोठ्यानं वाचायचो. गोष्ट तुला लागली की मशीन थांबायचं. पहिले दोन भाग ते सारखं थांबायचं, मास्तर ओरडायचे. तिसऱ्या भागाला मात्र थांबेना. सरळ चालत राहायचं, धागा संपला तरी. आई जाऊन तेव्हा सव्वा महिना झाला होता.

त्यात नववं प्रकरण आलं. चाळीस पानं नुसत्या वंशावळी, कोण कोणाचा पणजोबा. माझं वाचन तुला ठाऊक आहे, शाळेत मला बाकापेक्षा दारच जास्त माहीत होतं. दर नावाला अडखळत होतो आणि तू ऐकतही नव्हतीस. मी चाळीसच्या चाळीस पानं एकदम उलटली. पण आधी राजपुत्र अलीकडच्या काठावर रडत होता आणि आता एकदम पलीकडच्या काठावर! त्याला नदीपार कसं नेऊ? म्हणून एक बाई नावेत बसवली. ती त्याला म्हणाली, “आधी बूड टेक, मग रड. नाव कलंडली तर दोघंही जाऊ.”

मशीन थांबलं. तू वळून विचारलंस, “ही कोण रे?” आणि हसलीस.

मग काय, रोजच. पुस्तक समोर उघडं धरायचं आणि मनाचं सांगायचं. मध्ये मध्ये खरं पान, मग परत ती. राजपुत्र तलवार घेऊन आला तर ती म्हणायची, “ती बाहेर ठेव, हातपाय धू, मग काय तो पराक्रम.” कंटाळली की म्हणायची, “मी काय इथे जन्मभर पुरणार आहे?” ती असं कोणासारखं बोलते, हे तू कधी विचारलं नाहीस. मीही काढलं नाही.

पाचव्या भागाच्या शेवटी तिची नाव धुक्यात, भर नदीत राहते, तोही शेवट माझा. पुस्तकात तिथे नुसता किल्ल्याला वेढा आहे. तू विचारलंस, पुढे काय? मी म्हटलं, सहाव्या भागात. खरं सांगू? नाव काठाला लागली असती तर तिला निरोप द्यावा लागला असता, आणि तो माझ्या तोंडून निघेना. त्याच महिन्यात मी रंगाऱ्यांच्या टोळीबरोबर निघालो. तुला वाटलं, मला भटकायची हौस. होती थोडी. बाकी, मला त्या गाठोड्यावर परत बसायचं नव्हतं.

तेव्हापासून दर फोनवर मी सांगतोय, “म्हातारा लिहितोय म्हणे.” त्याच्याकडे वेढा अडकलाय ग, नावाडीण नाही. आठ वर्षं त्याने माझ्या वाट्याच्या शिव्या खाल्ल्या.

प्रोफेसरला मी सगळं सांगितलं. तुला हसला तर चादरी एकट्याने घडी कर, असा दमही दिला. तो हसला नाही. ती काय काय बोलायची ते पूर्ण पाळीभर विचारत बसला. मग पेन मागितलं. म्हणाला, “हिला गाळलं हे वाईटच केलं.” त्रेचाळिसावी सही त्याची. कागद सोबत आहे. पाठव, फाड, तुझी मर्जी. पण पुस्तकं उघडून तू ती पानं शोधत बसावीस आणि एकटीलाच कळावं, हे मला नको होतं.

रागव. फोनवर नको, समोर. पुढच्या रविवारी मी येतोय. पुढे काय होतं ते मला खरंच माहीत नाही. ती काठाला लागते की अजून थोडी थांबते, हे मी आठ वर्षं एकट्यानेच ठरवत बसलो, तीच चूक झाली. आई दोघांची होती.

तुला तीन वर्षं खोटं वाचून दाखवणारा,
तुझाच,
भटक्या