टायटेनियमचे चार सांधे

१ एप्रिल ९७, मंगळ
ब्लीचिंगच्या टाकीचा स्टीलचा पाइप केमिकलने पुन्हा खाल्ला. तीन महिन्यांत दुसरा. त्या केमिकलपुढे स्टील म्हणजे पापड. गॅस सुटला. मशीनवर आपला सुनील. माझा मेहुणा, शोभाचा भाऊ, मीच अमळनेरहून आणून इथं सुरतेजवळ पलसाण्याच्या मिलमध्ये चिकटवलेला. दिवसभर खोकत होता. शेठ म्हणतात, आता टायटेनियम लावू.

३, गुरु
पाइप आला, सोबत मुंबईच्या सप्लायरचा माणूस. उचलला तर निम्मंच वजन. विमानात वापरतात म्हणे. काळ्या वाळूतून निघतो, रत्नागिरीकडेही आहे ती वाळू. सापडून दोनशे वर्षं झाली, पण पत्रा-पाइप करणं जमलं ते गेल्या पन्नासेक वर्षांत. याचीच पांढरी पूड धाग्यात घालतात, चमक कमी करायला. इतकी वर्षं सुरतेत काढली, मला पत्ता नाही.
जाताना त्याने बजावलं: "वेल्डिंग करताना तापलेल्या सांध्याला हवा लागू देऊ नका. आतून-बाहेरून आर्गन गॅस सोडा. सांधा चांदीसारखा आला तर पास. निळा आला की कापून टाका, काचेसारखा तडकतो."

५, शनि
आर्गनचा एकच बाटला, म्हणजे सिलिंडर. दुसरा मागितला तर जयंतीभाई फोरमन म्हणे, "स्टील मां तो एक ज चाले छे." अहो पण हे स्टील आहे का? भिंतीवर डोकं आपटायचं नुसतं.
एकालाच दोन नळ्या लावून आतून-बाहेरून सोडला. पहिले दोन सांधे छान. मग गरम होतंय म्हणून ज.भा.नी पंखा लावला, माझ्या पाठीमागून. माझ्या काळजीने बरं का. सगळा आर्गन उडाला. तिसरा निळा, चौथाही निळा.
आणि मी काय केलं? बफ उचलला, पॉलिशचं चाक. बारा वर्षांची सवय, सांधा काळवंडला की घास. चारही घासून चकचकीत. मग डोक्यात उजेड पडला. गाढव आहे मी.

७, सोम
ज.भा.ना सांगितलं, दोन सांधे कापू. "चांदी जेवुं चमके छे, हवे शुं कापवानुं?" म्हणे, आता काय कापायचं. त्यांनी पाणी भरून दाखवलं, थेंब नाही गळला. पाणी धरणारच. गरम केमिकल, मशीनची थरथर, खरं तिथं कळणार.
शेठकडे गेलो. ते म्हणाले, निळा कुठे आहे, दाखव. काय दाखवू? पुरावा माझ्याच हाताने घासला. शेठ म्हणे, कापला तर पाइप आखूड पडतो, नवा यायला दोन आठवडे. तोवर मशीन बंद, तुझ्या मनात आलं म्हणून? कापलास तर उद्यापासून येऊ नकोस.

८, मंगळ
उद्या आठला मशीन चालू. ज.भा. खूश, सगळ्यांना माझं काम दाखवत फिरले. लाज वाटली.
संध्याकाळी सुनील जेवायला. म्हटलं, उद्या सुट्टी घे. का म्हणून? सगळं सांगितलं. पंखा, निळा रंग, बफ, सगळं. ऐकून हसला.
"तुमना हातनं काम शे दाजी, मंग माले कसाना भ्याव?"
मला रडू यायचं बाकी राहिलं. ताट तसंच ठेवून उठलो. शोभा दोनदा विचारून गेली, "काय व्हयनं तुमले?"
त्याची पाळी आठला. मी सातला जातो. ते दोन सांधे कापायला आरी पिशवीत टाकली आहे. हात चालेल की नाही, ते उद्याच कळेल.