पुढचे दोन डबे डॉर्नफेल्सला

बुधवार, १८ जून
ठरलं. शनिवारी स्वेन्याला सांगायचंच. डॉर्नफेल्सच्या जत्रेत, किल्ल्याच्या बुरुजावर, खालून मशालींची मिरवणूक वर येत असताना. नाही म्हणायला तोंडच राहणार नाही तिला. सात सेमिस्टर मध्ययुगाचा इतिहास काय उगाच शिकलो? मोक्याची जागा, मोक्याची वेळ. लढाया यावरच जिंकतात.
अडचण एकच, यानिक. एका फ्लॅटमध्ये राहतो म्हणून जत्रेला जाण्याचं त्याच्या कानावर गेलं. लगेच म्हणतो, मीपण येतो. म्हटलं, ये बाबा. दोघांत तिसरा कशाला, एवढंही या माणसाला कळत नाही.
आज माझं चीज फ्रिजमधून पुन्हा गायब. घरचा भेदी चीजपासूनच सुरुवात करतो.

गुरुवार, १९ जून
स्वेन्या आजही आली होती. रोज येते. मी घरी नसलो तरी थांबते, हे विशेष. यानिकच्या खोलीत बसून माझी वाट बघते बिचारी. अंगात यानिकचा स्वेटर होता. जून महिन्यात! मुलगी कुडकुडते आणि या माणसाला साधी खिडकी लावता येत नाही.
बाथरूममधल्या पेल्यात तिसरा टूथब्रश दिसला. हिरवा. स्वेन्याचाच. जिथे जीव गुंतला तिथेच माणूस ब्रश ठेवतो. विषय काढून तिला लाजवलं नाही. शनिवारनंतर आहेच.

शुक्रवार, २० जून
प्लॅन फ्रिजवर चिकटवला. लाल अक्षरांत: "ब्रुकहाइमला गाडीचे दोन भाग होतात. पुढचे दोन डबे डॉर्नफेल्सला, मागचे दोन उंटरलाउला. पुढेच बसणे!!" खाली: "संध्याकाळ. बुरुज, पश्चिमेचा कोपरा. देखावा उत्तम."
यानिक म्हणाला, जरा बोलायचं होतं रे, स्वेन्याबद्दल. म्हटलं, तिची काळजी तू सोड, मी आहे ना. त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण मी तेव्हा कड्यांचं चिलखत चढवत होतो आणि डोकं आत अडकलं होतं. चिलखत, शिरस्त्राण, ढाल, लाकडी तलवार, सगळं नाटक मंडळाकडून आणलंय. जत्रेला तिघांनी जुन्या वेषात जायचं. "बघू," असं दोघंही म्हणाले. म्हणजे ठरलंच.

शनिवार, २१ जून, सकाळी, गाडीत
पहिला दगा. दोघंही जीन्समध्ये! प्लॅटफॉर्मवर सरदार मी एकटा. एका आजोबांनी विचारलं, रेल्वेचा नवा गणवेश का हो हा? स्वेन्या इतकी हसली की तिला यानिकच्या खांद्यावर डोकं टेकावं लागलं. तिचं चूक नाही. माझ्या खांद्यावर लोखंड होतं.
पुढच्या डब्यात बसलोय. प्लॅन चोख चाललाय.

शनिवार, दुपार, उंटरलाउ
केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.
लिंडेनाउ स्टेशनात गाडी शिरते पुढून आणि बाहेर पडते उलटी. यानिक म्हणाला, अरे, आता आपण मागे आलो, उतरून डबा बदलू या. म्हटलं, प्लॅन कुणी केला? स्वेन्या म्हणाली, हेनिंग, हट्ट करू नकोस रे, स्पीकरवरपण तेच सांगतायत. मला काही ऐकू आलं नव्हतं. शिरस्त्राणात ऐकू येत नाही, पण मुद्दा तो नाही. मुद्दा निष्ठेचा आहे. म्हटलं, जायचं तर खुशाल जा, मी जागा धरून बसतो. झक मारत परत याल.
गेले. दोघंही. मला वाटलं होतं निदान ती थांबेल.
ब्रुकहाइमला दोघं माझ्या खिडकीशी आले, काच बडवली, हातवारे केले. मीही हात हलवला, आणि सीटवर ठेवलेली ढाल-तलवार दाखवली, की जागा आहेत, या आत. स्वेन्याने कपाळाला हात लावला. मला ती मानवंदना वाटली, म्हणून मीही लावला. तेवढ्यात शिट्टी झाली आणि ती दोघं पुढच्या डब्यांकडे पळाली.
उंटरलाउपर्यंत दोन्ही सीट सोडल्या नाहीत. गुडघे धरून उभ्या असलेल्या एका आजींनाही सांगितलं, इथे माणसं आहेत. आजी म्हणाल्या, कुठायत रे मेल्या तुझी माणसं?
इथे अग्निशमन दलाचा मेळा चालू आहे. बँड, बिअर, लांबच लांब बाकं. मला बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पुढचा कार्यक्रम मीच. बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज बळेबळे खायला घातलं. घास घशाखाली उतरत नव्हता, तरी दोनदा घेतलं. फोन स्वेन्याच्या पिशवीत राहिला. चिलखताला खिसा नसतो.

शनिवार, संध्याकाळ, डॉर्नफेल्स
पोचलो. चढाने जीव गेला. आम्ही उतरणार होतो ते वसतिगृह किल्ल्यातच आहे. तिथली बाई दारातच म्हणाली, अहो, तुमची माणसं केव्हाच आली, ती मुलगी सारखी विचारत होती, आमचा सरदार आला का म्हणून. आमचा! अंगात हत्तीचं बळ आलं. तसाच बुरुज चढलो.
मशाली वर येत होत्या. ढोल वाजत होते. सगळं ठरल्याप्रमाणे. पश्चिमेच्या कोपऱ्यात, मी लिहिलं होतं तिथेच, ती दोघं एकमेकांना बिलगून उभी होती.
मी ओरडलो, हे कधीपासून? शिरस्त्राणात आवाज घुमला. खालून लोकांनी टाळ्या पिटल्या.
स्वेन्या म्हणाली, मार्चपासून रे. तीनदा सांगितलं तुला. दर वेळी तू "वा, छान" म्हणालास आणि किल्ल्यांवर सुरू झालास. यानिक हळूच म्हणाला, ब्रश तरी बघितलास ना? म्हटलं, बघितला.
दिवसाढवळ्या फसवलं मला. तेही स्पष्ट सांगून. खूप रडलो. शिरस्त्राण काढलं नाही.

रविवार, २२ जून, परतीची गाडी
त्या दोघांशी संबंध संपला. एका डब्यात बसणार नाही, हे जाहीर केलं. यानिक म्हणाला, बरं. एवढंच!
ब्रुकहाइमला उंटरलाउचे डबे येऊन जुळले. मुद्दाम उतरून त्यात शिरलो. समोर कालच्याच आजी. आज बसायला जागा मिळाली होती त्यांना. म्हणाल्या, सापडली का रे तुझी माणसं? म्हटलं, सापडली. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं, शेजारच्या सीटवरची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, मग बस की.

रविवार, रात्री, घरी
निश्चय. यापुढे या घरात माझं काहीही त्यांच्या वस्तूंना लागणार नाही. बाथरूममध्ये गेलो, पेल्यातून माझा ब्रश उचलला आणि ताठ मानेने खोलीत आलो. दार लावलं.
पेस्ट यानिकची आहे. परत जावं लागलं.